स्वतंत्र संशोधक आणि प्रामाण्याचा प्रश्न

‘स्वतंत्र संशोधक’ ही संज्ञा मराठी ज्ञानव्यवहारात बहुधा अभावात्मक अर्थानेच वापरली जाते : जो विद्यापीठाच्या सेवेत नाही, तो स्वतंत्र. परंतु वेतन नसणे म्हणजे बंधन नसणे नव्हे. वि. का. राजवाडे नोकरीत रमले नाहीत. पण त्यांची भ्रमंती आणि छपाई स्नेह्यांच्या साहाय्यावर अवलंबून होती. ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत (१९१०) त्यांचा पुढाकार होता, त्याच्याशीही त्यांचे पुढे बिनसले.

खरा प्रश्न निर्वाहाचा नसून प्रामाण्याचा आहे. संस्थेबाहेरच्या माणसाचे विधान तपासणार कोण? राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत मूळ कागदच वाचकांसमोर ठेवले. त्यांची जातिविषयक मते किंवा व्युत्पत्ती ज्यांना मुळीच मान्य नाहीत, तेही या साधनांचा उपयोग करू शकतात. खंडनाची सोय संशोधकाने स्वतःच करून ठेवणे, हे संशोधनातील नैतिक आचरणच म्हणावे लागेल.

कोल्हापुरात हा प्रश्न निराळे रूप घेतो. शिवाजी विद्यापीठ येथे १९६२ साली स्थापन झाले. परंतु ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) ही अत्यंत वाचली गेलेली पुस्तिका लिहिली ती याच शहरातील एका वकिलाने. गोविंद पानसरे यांनी त्यात नवा कागद उजेडात आणला नाही. इतरांच्या संशोधनातून निवड करून अर्थ लावला. हे संशोधन नव्हे, असा आक्षेप येऊ शकतो आणि एका मर्यादेत तो खराही आहे. शिवाय या पुस्तिकेचे मूळ एका भाषणात आहे. सभा प्रश्न विचारते तशी टाळ्याही वाजवते, आणि टाळी हे काही प्रमाण नव्हे. मात्र पानसरे कम्युनिस्ट पक्षाचे नेते होते, म्हणून त्यांना स्वतंत्र म्हणता येणार नाही, हा युक्तिवाद लंगडा आहे. पदोन्नतीकडे डोळे लावून विषय निवडणाऱ्या प्राध्यापकाला हाच निकष सहसा कोणी लावत नाही.

संस्था निदान संरक्षण देते, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. ते तर कुलगुरुपद भूषविलेले संशोधक होते.

संस्थेची गरज वेगळ्याच ठिकाणी भासते. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या संग्रहाला त्यामुळे घर मिळाले. गावोगावच्या वकील-शिक्षकांनी हौसेने जमविलेल्या दप्तरांसाठी विद्यापीठांनाही एवढे करता येईल. त्यासाठी दप्तर आणणाऱ्याची पदवी विचारावी लागत नाही.