वाजवले कोणी?

खंडाळा म्हटले की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे बोरघाट, धुके आणि भाजलेली कणसे उभी राहतात. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा पुणे-सातारा रस्त्यावरचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. येथे धुक्यापेक्षा ट्रकांचा धूर अधिक आणि संगीत म्हणाल तर एकादशीचे भजन नि वरातीतला बँजो. अशा गावात आठवीतल्या एका मुलाने गेल्या स्नेहसंमेलनाला पियानो आणला.

पियानो आणला म्हणजे टेम्पोतून नव्हे, पिशवीतून! मामाने दिलेला जुना कीबोर्ड, शाळेचा लॅपटॉप आणि चौकोनी तोंडाची एक वायर. प्रिंटरला लावतात तसलीच. वायरीचे एक टोक कीबोर्डच्या पाठीत, दुसरे लॅपटॉपच्या कुशीत. लॅपटॉपमध्ये त्याने पियानोची फुकट मिळणारी प्रणाली उतरवून घेतली होती. कीबोर्डचा स्वतःचा आवाज त्याने पार बंद केला, एक पट्टी दाबली आणि आमच्या पत्र्याच्या वर्गात एखाद्या मोठ्या सभागृहातला पियानो घुमला.

मला वाटले होते की आवाज वायरीतून जातो. तो मुलगा हसला. "आवाज नाही सर, आकडे जातात." आणि ते खरे आहे. कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली आणि कधी सोडली एवढीच वर्दी वायर पोचवते. पियानोच्या मधल्या 'सी'चा आकडा ६०. वेगाचा आकडा १ पासून १२७ पर्यंत. या बोलीला 'मिडी' म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ मध्ये ती रूढ झाली. आवाज येतो तो दुसरीकडून. कोणीतरी कधीतरी खऱ्या पियानोसमोर बसून एकेक पट्टी हळू, जरा जोरात, आणखी जोरात अशी वाजवून ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असते. आमचा मुलगा आकडा पाठवतो आणि लॅपटॉप त्या साठ्यातला जुळता सूर काढून देतो. बोट खंडाळ्याचे, घुमारा परमुलखातला!

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. पट्टी दाबली की सूर मागाहून येई, विहिरीत दगड टाकल्यावर आवाज यावा तसा. मुलगा बिचारा सारखा अडखळे. लॅपटॉप आवाजाची लहान लहान गाठोडी बांधून मग ती बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि ५१२ नमुन्यांचे गाठोडे केले तर जवळजवळ १२ मिलिसेकंद त्यातच जातात. तेवढे चालते, चार मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याचा सूरही आपल्या कानी यायला तेवढाच वेळ घेतो. आमचा चोर निराळा होता. शाळेचा बिनतारी स्पीकर! त्या ब्लूटूथच्या प्रवासात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खर्ची पडतात. मुलाने स्पीकरला साधी वायर लावली आणि सूर बोटाखाली आला.

येथवर सारे निर्मळ होते. पुढचे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

संमेलनात ऐनवेळी घोटाळा नको म्हणून मुलाने स्वागतगीताची साथ घरीच वाजवून लॅपटॉपमध्ये नोंदून आणली. आकड्यांच्या या नोंदीत एक सोय असते. जे सूर तालाच्या मागेपुढे पडले असतील ते एका कळीसरशी नेमके मात्रेवर जाऊन बसतात. शाळेत ड्रिल मास्तरांनी शिट्टी मारताच पोरे रांगेत यावीत तसे. त्याने ती कळ दाबली. त्यावर मुलींनी गायिले, झकास झाले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्या मुलाला उभे केले आणि म्हणाले, "काय तालाचा पक्का आहे हा!" टाळ्या झाल्या. मुलाने माझ्याकडे पाहिले. मला सर्व ठाऊक होते. मी टाळ्या वाजवीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुटीत आला आणि म्हणाला, "सर, तो ताल माझा नव्हता."

मी त्याला काय सांगावे? खोटे तर कोणीच काही बोलले नव्हते. पाहुण्यांना माहीत नव्हते, मुलाला कोणी विचारले नव्हते आणि मी शिक्षक म्हणून त्याचा उत्साह राखीत होतो. माझ्या मौनाला मी किती चांगले नाव शोधून ठेवले होते! सुरांचा उसना घुमारा मला खुपत नव्हता, तालाची उसनवारी मात्र खुपत होती. असे का, हे कळेना. म्हणून मी आमच्या भजनी मंडळातल्या बुवांकडे गेलो. चाळीस वर्षे ते पेटी वाजवीत आहेत.

बुवा म्हणाले, "मास्तर, पेटीतला सूर तरी माझा कुठाय? ज्यानं रीड घासली त्याचा. माझा तो नुसता भाता."

हे बोलणे वाटते तितके साधे नाही. पेटीवर हाच आरोप एके काळी झाला होता की तिचे सूर आयते, ठोकळेबाज आणि परके आहेत. वाद्य मूळचे युरोपातले. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्याच्याही आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींचा ध्यास घेतला होता. १९१० मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या जोडीने श्रुतींची पेटी घडवून घेतली. आपला खरा सूर यंत्रात बसवता येईल, अशी त्या मंडळींची श्रद्धा. ती पेटी काही घरोघर गेली नाही. घरोघर गेली ती तीच बाराच स्वरांची, आरोप झालेली पेटी. आणि आज तिच्यावाचून आमचे भजन उभे राहत नाही. तेव्हा उसन्या सुराचे मला काही वाटले नाही, त्याचे कारण कदाचित एवढेच की ती उसनवारी आपण कधीच पचवून बसलो आहोत.

पण भाता? बुवांनी आपल्यापाशी राखून ठेवलेली वस्तू ती. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तोच. त्यात जीव येतो तो भात्याच्या दाबाने. मुलाच्या बाबतीत हा भाता म्हणजे त्याचे मागेपुढे पडणारे बोट. आणि नेमके तेच त्या कळीने पुसले होते.

हे मला सुचले तेव्हा बरे वाटले, पण फार वेळ नाही. कारण मला माझी पहिली कादंबरी आठवली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकांकडून परत आले तेव्हा शेवटची अकरा पाने कोणा अनोळखी हाताने खोडली होती आणि कथा विहिरीच्या काठावरच थांबवली होती. मी ते मानले. आजही वाचक भेटतात ते म्हणतात, "शेवट काय केलात हो!" आणि मी मान लववून स्मित करतो. अकरा पानांची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. येथे प्रथमच लिहितो आहे.

आणि तुमच्या घरचे काय, वाचकहो? हा अंक हाती धरून तुम्ही जी चकली खाता आहात तिची भाजणी कोणी दळली? आमच्याकडे ती शिरवळच्या बचतगटातून येते. चकल्या घरी पाडल्या जातात खऱ्या, पण पाहुणे "वा, काय खुसखुशीत!" म्हणाले की सौभाग्यवती पदराशी चाळा करीत "हो, घरच्याच" म्हणतात. मी तेव्हाही गप्प असतो. हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. पाडणाऱ्या हाताचाही त्यात वाटा आहेच. पण भाजणी दळणाऱ्या बाईचे नाव त्या बैठकीत निघत नाही आणि निघाले असते तर चकली काही मऊ पडली नसती!

आठवड्याने मी त्या मुलाला बुवांकडे घेऊन गेलो. या प्रणालीत एक बरे असते, मूळची नोंद पुसली जात नाही. रांगेत बसवलेले सूर पुन्हा मोकळे सोडता येतात. त्याने लॅपटॉप ओटीवर ठेवला आणि जसे वाजवले होते तसे लावले. ताल कुठे धावत होता, कुठे रेंगाळत होता. तिसऱ्या कडव्याशी तर तो चक्क थबकला, दोन मात्रा काहीच नाही, मग घाईने पुढे.

बुवांनी विचारले, "इथं काय झालं रे?"

"आईनं हाक मारली होती," मुलगा म्हणाला. "दूध उतू चाललं होतं."

बुवा खळखळून हसले. त्यांनी पेटी पुढे ओढली, भात्याची कडी काढली आणि म्हणाले, "तेच कडवं लाव पुन्हा. मी थांबतो तुझ्याबरोबर."