घोटलेली तान आणि उपज

जें पूर्वीं शेंकडों वेळां घोटलें आहे तें आतांच सुचलें अशा आविर्भावानें गाणें, ही लबाडी आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. परंतु ज्या घरांतील एखादी मुलगी संगीताच्या परीक्षेला बसत असेल, त्या घरांतील वडील माणसांच्या मनांत तो एकदां तरी डोकावला असेल. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ सालीं स्थापन झालें आणि त्याच्या परीक्षांचें लोण लहानसहान गांवांपर्यंत पोंचलें. भिंतीपलीकडून तीच आठ मात्रांची तान, त्याच जागीं, त्याच श्वासावर, महिना महिना ऐकूं येते. परीक्षकांपुढें मात्र ती रागविस्तारांत सहज उमलल्यासारखी सादर व्हावी लागते. आपल्या संगीतांत ‘उपज’ या शब्दाला केवढा मान आहे! उपज म्हणजे त्या क्षणीं जें उपजलें तें. मग घोटलेल्या तानेला उपज कसें म्हणावें? आणि न घोटतां ती कोणाला कधीं साधली आहे?

याचें एक ठराविक उत्तर आहे तें असें कीं, पलटे व अलंकार हें व्याकरण आणि उपज ही कविता. उत्तर सोयीचें आहे, पण त्यानें कांहींच उलगडत नाहीं. व्याकरण उत्तम येऊनहि ज्याला दोन ओळी नीट लिहितां येत नाहींत असे लोक आम्हां अध्यापकांना दर जूनमध्यें भेटतात, आणि (हें हळूच सांगावयाचें) ते सारेच विद्यार्थी नसतात. व्याकरणाची कविता होते ती कोणत्या वाटेनें, हाच तर प्रश्न आहे.

शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकरा’मध्यें स्वरांच्या क्रमांचा हिशेब मांडला आहे. चार स्वर घेतले तर क्रम २४, सातहि घेतले तर ५०४०. एवढ्यावर तो थांबत नाहीं. अमुक क्रमांकाची तान कोणती हें कोष्टकावरून काढण्याची युक्तीहि देतो. हाच खंडमेरु पुढें मेरुखंड या नांवानें गवयांच्या रियाजांत नांदला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत नांवारूपाला आलेल्या भेंडीबाजार घराण्यानें त्याला प्रतिष्ठा दिली, आणि अमीरखां (१९१२–१९७४) यांच्या विलंबित गायकींत त्याचें पक्व फळ रसिकांना मिळालें. आतां असें पाहा कीं, सात स्वरांचा प्रत्येक क्रम जर सातशें वर्षांपूर्वींच मोजून ठेवला असेल, तर ‘नवी तान’ या शब्दांत अर्थ तो काय राहिला? स्वरांची पुनरुक्ति, लय आणि मींड यांच्या योगानें ही संख्या अमर्याद होते हें मला मान्य आहे. तरीहि अमीरखांचें गाणें ऐकतांना ‘हा क्रम पूर्वीं कोणी गाइला नव्हता’ म्हणून कोणाचें मन हेलावत नाहीं. तेव्हां उपजेचें मर्म नवेपणांत नसावें, असा संशय येऊं लागतो.

दूरच्या एका संगीतांतील उदाहरणानें हा संशय बळावतो. जॅझ हें अमेरिकेंतील निग्रो समाजानें घडविलेलें संगीत. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, आणि चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकलेल्या गोमंतकीय वादकांनीं पुढें तें आपलेंसें केलें. या संगीतांत खालीं स्वरसंघ ठरलेल्या जागीं बदलत असतात, आणि गिटारवादकाला त्या त्या स्वरसंघाशीं जुळणारे स्वर शोधीत त्यांवरून आपली वाट काढावयाची असते. त्यासाठीं तो वर्षानुवर्षें सप्तकें घोटतो. आपले पलटेच म्हणाना. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) याला स्वरलिपि वाचतां येत नव्हती. अवघ्या पंचवीस वर्षांचा असतांना १९४२ मध्यें वारलेल्या चार्ली ख्रिश्चनचें वादन त्यानें ध्वनिमुद्रिकांवरून स्वरन् स्वर उतरवून घेतलें. तेवढ्या भांडवलावर त्याला एका क्लबांत काम मिळालें. पाठ केलेलें वाजवून झालें कीं तो हात आवरता घेई, कारण पुढचें त्याच्यापाशीं कांहींच नव्हतें. तोच पुढें आपल्या वाद्यावरचा मोठा कल्पक कलावंत म्हणून जगाला माहीत झाला. उसन्या मालावर सुरू झालेला माणूस स्वतंत्र झाला, तो मधल्या काळांत काय शिकला?

त्याचें उत्तर शोधण्यास अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. पेणहून रोह्याकडे जातांना वडखळ-नागोठण्याच्या आसपास एखाद्या गांवीं सप्ताह चालू असेल तर रात्रीं घटकाभर मंडपांत बसावें. बुवा पेटीवर, शेजारीं पखवाज, समोर टाळकरी, मागें झील. कोणी शेतकरी, कोणी कारखान्यांतून पाळी संपवून आलेला. बुवा अभंगाचें ध्रुपद दोनचार वेळां सरळ म्हणतो आणि मग चरणांतल्या एका शब्दावर रेंगाळूं लागतो. कान देऊन ऐकलें तर त्याच्या पुष्कळशा हरकती ओळखीच्या निघतात. एखादी तर थेट भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रिकेंतून उचललेली. पखवाजवाल्याचे बोलहि ठरलेलेच: ‘धुमकिट’ काय, ‘तिट कत गदि गन’ काय, लहानपणापासून मांडीवर बडविलेले. सारा माल जुना. इतक्यांत झील घाई करते, सम किंचित् अलीकडे घसरूं पाहते. पखवाजवाला मान वर करतो, हातांत आलेला लांबलचक तोडा टाकून देतो आणि दुसराच एक आंखूड तोडा असा उचलतो कीं घाई झालेली झील अलगद समेवर येऊन बसते. बुवा हंसतो, मंडपांतले म्हातारे माना डोलावतात. तो तोडा नवा नव्हता. तो तेथें वाजावयाचा हें मात्र क्षणापूर्वीं कोणालाहि, त्याला स्वतःलाहि, ठाऊक नव्हतें. मीं उपज म्हणतों ती हीच.

यावरून रियाजाचें काम माझ्या दृष्टीनें निराळें दिसूं लागतें. ज्याचीं बोटें अजून स्वर शोधीत आहेत त्याचा कान आपल्याच बोटांना बांधलेला असतो. शेंकडों वेळां घोटल्यावर तो कान सुटतो आणि साथीदाराकडे, समेकडे, श्रोत्यांकडे वळूं शकतो. वळूं शकतो, वळतोच असें नाहीं! कारण याच सुटकेची दुसरी वाट झोपेकडे जाते. बोटांना रस्ता इतका सरावाचा होतो कीं तीं न विचारतां चालूं लागतात. साथ घाईंत असो, मंदावलेली असो, तान तीच आणि तेथेंच. प्रारंभीं ज्या लबाडीविषयीं विचारलें ती असलीच तर येथें आहे. साथीदार समोर असतां तो नसल्यासारखें वाजवावयाचें, आणि वर हें सारें त्याच्या संगतींत सुचलें असें भासवावयाचें!

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत हा भेद डोळ्यांनीं पाहतां येतो. एका साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात, परंतु डोळ्यांची आखणी हातानेंच होते. आखणी करणाऱ्यानें तीच रेषा हजारों वेळां ओढलेली असते. तरी कुंचला टेकविण्यापूर्वीं तो समोरच्या मुखाकडे पाहतो.

ही गोष्ट कलेपुरतीच आहे असें मला वाटत नाहीं. कांटच्या मतें, निव्वळ मनाच्या ओढीनें केलेल्या परोपकाराला नैतिक मोल नाहीं. मग सवयीनें केलेल्याला कोठून असणार? कोंकणांतल्या घरीं आल्यागेल्यापुढें गूळपाणी येतें तें रीत म्हणून. परंतु रीत हातांत मुरलेली असल्यामुळेंच गृहिणीची नजर पाहुण्याच्या तोंडाकडे पाहण्यास मोकळी असते, आणि आज याला पाण्यापेक्षां दोन घांस हवे आहेत हें तिला दिसतें. शेजारच्या घरीं तोच तांब्या त्याच रीतीनें येतो आणि कोणी कोणाकडे पाहत नाहीं. रीत दोहींकडे सारखीच. अ‍ॅरिस्टॉटलला ही अडचण दिसली होती. सद्गुण सरावानें येतात हें सांगतांना त्यानें तंतुवादकाचाच दाखला घेतला आहे, आणि चांगला वादक काय किंवा वाईट वादक काय, दोघेहि वाजवूनच तसे होतात, हेंहि नमूद करून ठेवलें आहे. तसें नसतें तर शिक्षकाची गरजच उरली नसती, अशी पुस्तीहि त्यानें जोडली आहे.

मला तर शिक्षकाइतकाच सोबती महत्त्वाचा वाटतो. पखवाज शिकणारें पोर दर एकादशीला दहा जणांच्या घोळक्यांत बसतें. त्यांतला कोणी पुढें पळतो, कोणी मागें रेंगाळतो, कोणाला खोकला येतो. आमची परीक्षेची विद्यार्थिनी दार लावून यंत्रांतल्या तबल्याबरोबर गाते, आणि तो तबला कधीं चुकत नाहीं. तिला महिन्यांतून दोनदां भजनांत टाळ देऊन बसवावें, असें मीं एका गृहस्थांना सुचविलें. त्यांनीं सौजन्यानें ऐकून घेतलें. परीक्षा तोंडावर आली आहे, नंतर पाहूं, म्हणाले.