पैरा फेडण्याची वेळ

(शास्त्रवाचन : करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ व ९)



पेरणीच्या दिवसांत आपल्या वारणेकाठी जो रिवाज चालत आला आहे, तो तुम्हांस सांगावयास नको. ज्याच्या गोठ्यात एकच बैल आहे तो शेजाऱ्याच्या बैलाशी आपला बैल जुंपतो; ज्याच्या घरी माणसे थोडी आहेत त्याच्या शेतात शेजारची माणसे भांगलणीस जातात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. यास आपण पैरा म्हणतो. पैऱ्यात कोणी धनी नसतो व कोणी चाकर नसतो. मजुरी कोणी मागत नाही, आणि मी उपकार केला असेही कोणी म्हणत नाही. परंतु एक गोष्ट सर्वांस ठाऊक असते : पैरा घेतला म्हणजे तो फेडावा लागतो. जो घेतो आणि फेडीत नाही, त्याच्या बांधावर पुढल्या वर्षी कोणी येत नाही.

समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्या आणि आपण यांचे नाते कोणत्या प्रकारचे आहे, याचा विचार आज या पैऱ्याच्या दाखल्यावरून करू.

पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस जे दुसरे पत्र लिहिले, त्यातील दोन सबंध अध्याय एका वर्गणीविषयी आहेत. यरुशलेमातील विश्वासी दारिद्र्यात होते. त्यांच्या साहाय्यासाठी मासेदोनियातील मंडळ्यांनी द्रव्य जमविले, आणि त्या मंडळ्या स्वतः संकटात व कंगाल अशा होत्या. पौलाने त्यांच्यापाशी मागितले असे नव्हे, तर आम्हांसही या सेवेत वाटा मिळावा म्हणून त्यांनीच त्याची विनवणी केली. पैसा देण्याआधी त्यांनी स्वतःस प्रभूला दिले, हे प्रेषित आवर्जून सांगतो. पुढे तो असेही समजावितो की, एकास सुख व दुसऱ्यास भार व्हावा हा या देण्याचा हेतु नाही. आज यांच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, आणि उद्या त्यांच्या विपुलतेने यांची. बंधूंनो, हा पैराच नव्हे काय?

आता आपल्याच मुलखाकडे पाहा. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन गृहस्थ कोल्हापुरास आले व त्यांनी शाळा काढल्या. पुढे कित्येक वर्षे त्यांनी कोणत्याही मोठ्या मिशनच्या आधारावाचून काम चालविले, आणि १८७० साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या परदेशमिशनने ते आपल्या हाती घेतले. त्या कामाच्या फांद्या पन्हाळ्याच्या पायथ्याशी, आपल्या कोडोलीपर्यंत पसरल्या. गावकुसाबाहेरच्या ज्या वस्त्यांत कोणी पाटी-पेन्सिल घेऊन येत नसे, तेथे शाळा आली. ज्या बाळंतिणीस कोणी हात लावीत नसे, तिच्या खाटेपाशी दिवा घेऊन परिचारिका बसू लागली. कोडोलीतील ख्रिस्ती रुग्णालय त्याच बीजाचे झाड आहे.

मिरजेचे तर सर्वांस ठाऊक आहे. कॅनडा देशात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली या देशी आले, व १८९४ साली मिरजेस त्यांचे रुग्णालय उघडले. त्यासाठी फिलाडेल्फिया शहरच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी मोठी देणगी दिली. हे गृहस्थ आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे भागीदार होते. डॉक्टरसाहेबांनी रोग्यांस बरे केले एवढेच नव्हे, तर या देशाच्या तरुणांस वैद्यकी शिकविली. १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा तेथील विद्यार्थी वॉनलेस रुग्णालयातील खाटांपाशी शिकले. समुद्रापलीकडून आलेले दान असे आपल्या सर्व समाजाचे झाले. त्यापासून लाभ घेणाऱ्यास कोणी त्याचा धर्म विचारला नाही.

परंतु हे सर्व श्रीमंतांच्या पैशाने झाले असे समजू नका. त्याच फिलाडेल्फियात १८७० साली प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी परदेशातील सुवार्ताकार्यासाठी एक संस्था स्थापिली. तिच्या सभासद बहुतकरून साध्या घरच्या बायका होत्या. लोणी-अंडी विकून किंवा शिवणकाम करून वाचविलेले नाणे त्या एका लहान पेटीत टाकीत, आणि ज्या गावाचे नाव त्यांस नीट उच्चारताही येत नसे, त्या गावासाठी प्रार्थना करीत. १९०० साली आपल्या देशात घोर दुष्काळ होता, तेव्हा अमेरिकेहून ‘क्विटो’ नावाचे जहाज मक्याने भरून मुंबईस आले. तो मका एका ख्रिस्ती वर्तमानपत्राच्या वाचकांनी जमविलेल्या वर्गणीच्या आधाराने आला होता. अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदियातील दुष्काळपीडित बंधूंस ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे मदत पाठविली, असे प्रेषितांच्या कृत्यांत अकराव्या अध्यायात वाचितो. त्याच जातीचे हे कृत्य होय.

येथे कोणी म्हणेल, “हा तर एका बाजूचाच पैरा झाला. त्यांनी दिले, आम्ही घेतले.” तसे नाही. रॉयल वाइल्डर यांचा पुत्र रॉबर्ट हा १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. याच मातीत तो खेळला आणि येथील दुःखे त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे तो अमेरिकेस शिकावयास गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मौंट हर्मन या ठिकाणी विद्यार्थ्यांची मोठी परिषद भरली होती. तेथे रॉबर्टाने प्रार्थनेस व बोलण्यास आरंभ केला, आणि परिषद संपते न संपते तोच शंभर तरुणांनी परदेशी सुवार्तासेवेस जाण्याचा निश्चय केला. त्यातून जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उठली, तिने पुढे हजारो सेवक जगभर धाडले. ती ठिणगी कोल्हापूरच्या चुलीतली होती. आपण दरिद्री असतानाही आपल्याकडून काहीएक तिकडे गेलेच.

आता मला स्वतःचा एक दोष कबूल करू द्या. मी तरुण उपदेशक असताना एका लहान मंडळीत माझी नेमणूक होती. उपासनामंदिराचे छप्पर गळत होते. मी रात्र जागून, गोड शब्द योजून, परदेशातील एका मंडळीस पत्र लिहिले व कौलांसाठी पैसे मागितले. काही महिन्यांनी उत्तर आले. त्यात पैशाचा नकार नव्हता. एकच साधा प्रश्न होता : तुमच्या मंडळीने आतापर्यंत किती जमविले आहेत? मी वही उघडून पाहिली. आम्ही एक पैसाही जमविला नव्हता. आम्ही कोणापाशी मागितलेच नव्हते. ते पत्र हाती धरून मी पुष्कळ वेळ बसलो. पुढल्या रविवारी मी ते जसेच्या तसे मंडळीस वाचून दाखविले. कोणी दोन दिवसांची मजुरी दिली, कोणी कोंबडे दिले, एका विधवेने चार पायली जोंधळे आणून ठेविले. पावसाळ्याआधी कौले चढली, आणि परदेशास मी जे दुसरे पत्र लिहिले त्यात मागणे नव्हते, आभार होते.

बंधूंनो, आपल्या घरांत अजून जे बोलणे ऐकू येते ते हेच : “मिशनच्या वेळी असे नव्हते.” जणू काय मिशन म्हणजे बाप, आणि आपण कधी मोठे न होणारी लेकरे! परंतु आपल्या वडील पिढीतील पुढाऱ्यांस हे कधी पटले नव्हते. १९०५ साली, नाताळाच्या दिवशी, श्रीरामपूर येथे या देशाच्या ख्रिस्ती लोकांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था काढली, ती अशासाठी की माणसेही आपली, पैसाही आपला आणि कारभारही आपलाच असावा. आपल्या महाराष्ट्राचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ उभारिला. मिशनरी बंधूंविषयी त्यांच्या मनात द्वेष नव्हता. आपली मंडळी आपल्या पायांवर उभी राहावी याची तळमळ होती. आणि १९७० साली, २९ नोव्हेंबर रोजी, नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा तर आपण मोठे झालो असे सर्वांसमक्ष जाहीर केले. मोठ्या झालेल्या मुलाने बापापाशी खर्ची मागत राहावे काय?

तुम्ही म्हणाल, “आम्ही गरीब, आमच्याने काय होणार?” एलियाच्या गोष्टीतील सारफथची विधवा आठवा. तिच्या मडक्यात मूठभर पीठ उरले होते, आणि ती इस्राएल लोकांतली नव्हती, परदेशी होती. देवाने आपल्या सेवकाच्या पोटाची सोय श्रीमंताच्या कोठारातून केली नाही. तिच्या मुठीतून केली. या मुठीचे बळ आपल्याच देशाच्या ईशान्येकडील मिझो लोकांनी जाणले. वेल्स देशाच्या मिशनऱ्यांनी त्यांस सुवार्ता सांगितली. ते डोंगरी लोक. त्यांजपाशी पैसा नव्हता. १९१० सालापासून त्यांच्या बायका स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूस ठेवू लागल्या. आज त्या मुठींवर त्यांची मंडळी देशभर सुवार्तिक पाठविते; इतकेच नव्हे, चालू शतकात तिने खुद्द वेल्स देशात आपले सेवक धाडले. ज्यांनी पैरा दिला त्यांच्याच शेतावर ती बैल घेऊन गेली!

आणि ती वेळ आपल्यावरही आली आहे, हे ओळखा. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी आपणांस शाळा व दवाखाने दिले, त्यांची सभासदसंख्या १९६० नंतरच्या दशकात ४० लाखांहून अधिक होती. आता ती सुमारे १० लाखांवर आली आहे. त्यांच्या परदेशमिशनचा जुना विभाग २०२५ साली बंद करण्यात आला, व परदेशी राहणाऱ्या कित्येक सेवकांची नेमणूक संपली. तिकडे पुष्कळ मंदिरांत म्हातारी माणसेच काय ती उरली आहेत. आपल्या शेतात घाम गाळणारा शेजारी थकला आहे. अशा वेळी “आता पैसे कोठून येणार?” हा प्रश्न आपण करावा, की “आता त्यांच्यासाठी आपण काय करावे?” हा?

यास्तव मी तुमच्यापुढे तीन गोष्टी ठेवितो.

पहिली, मूठ. प्रत्येक घरात चुलीपाशी एक डबा असू द्या. भाकरीचे पीठ मळण्याआधी एक मूठ त्यात पडावी, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते धान्य मंदिरात यावे. त्याचा काही भाग आपल्याच वस्तीतील आजाऱ्यासाठी व काही दूरच्या मंडळीसाठी ठेवावा. लेकरांच्या हातून ती मूठ टाकवावी, म्हणजे देणे त्यांच्या अंगवळणी पडेल.

दुसरी, हिशेब. पौलाने वर्गणी नेण्याचे काम एकट्याने केले नाही. मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू बंधु बरोबर घेतले, यासाठी की देवाच्या दृष्टीने व मनुष्यांच्याही दृष्टीने कारभार निर्मळ असावा. आज परदेशातून येणाऱ्या दानास सरकारी कायदा लागू आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा सर्व पैसा प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यात यावा लागतो, व त्यातील शेकडा २० पेक्षा अधिक कारभारखर्चास लाविता येत नाही. कित्येकांस हा जाच वाटतो. परंतु ज्याची वही उघडी आहे त्यास भय कशाचे? उपदेशक बंधूंनो, सरकारने मागण्याआधीच दर तिमाहीस मंडळीपुढे जमाखर्च मोठ्याने वाचा. आणि गावातील इतर धर्माच्या शेजाऱ्याने पाहावयास मागितला, तर त्यासही दाखवा. ‘परदेशी पैशाचे लोक’ हा जो टोमणा आपणांस ऐकावा लागतो, त्याचे उत्तर वादाने देता येत नाही. उघड्या वहीने व स्वतःच्या देण्याने देता येते.

तिसरी, माणसे. मासेदोनियाच्या लोकांनी आधी स्वतःस दिले. आपल्या मुलींपैकी कोणी परिचारिका होऊन शहराच्या मोठ्या पगाराऐवजी खेड्यातील रुग्णालयात बसेल काय? आपल्या मुलांपैकी कोणी शिकून, जेथे शाळा नाही तेथे शिकवावयास जाईल काय? आणि ज्यांस जाता येत नाही त्यांनी प्रार्थनेत त्या दूरच्या मंडळ्यांचे नाव घ्यावे. एके काळी फिलाडेल्फियाच्या बायका कोडोलीसाठी गुडघे टेकीत होत्या. आता कोडोलीच्या बायकांनी फिलाडेल्फियासाठी टेकावेत.

पाऊस आला म्हणजे शेजाऱ्याची हाक येण्याची वाट चांगला कुणबी पाहत नाही. तो आपला बैल सोडून त्याच्या बांधाकडे चालू लागतो. ज्या प्रभूने श्रीमंत असून आपल्याकरिता दारिद्र्य पत्करिले, तो आपणांस घेण्याबरोबर देण्याचीही कृपा देवो. आमेन.