आरंभिलेले काम शेवटास न्या

मननासाठी शास्त्रभाग : लूक १४ : २८-३०, २ तीमथ्य ४ : ६-११



बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची काटेवाडी आहे. दरवर्षी वारीच्या दिवसांत देहूची पालखी येथून जाते. परीट मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते आणि सारा गाव रस्त्यावर लोटतो. आपला विश्वास निराळा असला, तरी शेजाऱ्यांच्या या चालण्यापासून एक गोष्ट शिकण्यास आपणांस लाज वाटू नये. देहूहून निघालेला वारकरी काटेवाडीचे रिंगण पाहून घरी परतत नाही. पायांस फोड येवोत, पाऊस झोडपो की ऊन भाजो, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी गावे मागे टाकीत तो चालतच राहतो. कारण जेथे जावयाचे ते ठिकाण त्याच्या डोळ्यांपुढे असते. तर मग आपण जे ख्रिस्ताच्या मार्गाने निघालो, त्या आपली चाल कशी आहे?

प्रभूने बुरुज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त सांगितला. त्याने खर्चाचा हिशेब केला नाही, पाया तेवढा घातला आणि तो थांबला. मग येणारे-जाणारे त्यास हसू लागले. असे बुरुज पाहण्यास यरुशलेमेस जावयास नको. आपल्याच शिवारात अर्ध्या खणून सोडलेल्या विहिरी आहेत. अर्धी विहीर पाणी देत नाही. गुरेवासरे मात्र तीत पडतात. अर्धवट टाकलेल्या सत्कार्याचेही तसेच आहे. त्याने कोणाची तहान भागत नाही, आणि दुर्बळ बंधूस मात्र त्याचे अडखळण होते.

दुसऱ्यास बोल लावण्याआधी आमचाच दोष सांगतो. काही वर्षांपूर्वी मंडळीतील म्हाताऱ्या बायांस पवित्र शास्त्र स्वतः वाचता यावे, म्हणून आम्ही संध्याकाळचा अक्षरवर्ग उघडला. पहिल्या दिवशी गीत झाले, प्रार्थना झाली, नव्या पाट्या वाटल्या. चौदा बाया आल्या. काना, मात्रा, वेलांटी, उकार येथवर शिकणे झाले. पुढे ऊसतोडीचे दिवस आले, मग लग्नसराई, मग आमचा प्रवास. ‘पुढच्या आठवड्यात बसू’ असे म्हणता म्हणता वर्ग मोडला. तो बंद करण्याचे कोणी ठरविले नव्हते. तेल न घातलेल्या दिव्यासारखा तो विझला. वर्षभराने एके रविवारी उपासना आटोपल्यावर एक आजी दाराशी थांबली व म्हणाली, “पाळकसाहेब, मला ‘येशू’ वाचता येतो, ‘ख्रिस्त’ येत नाही. जोडाक्षरांपर्यंत आपण पोचलोच नाही.” तिने रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते शब्द आम्हांस अधिक लागले. त्या चौदांपैकी दोघी तोवर प्रभूकडे गेल्या होत्या. त्यांचा धडा आता आमच्याने पुरा होणे नाही.

त्या रात्री आम्हांस आपल्याच जिल्ह्यातील केडगावची आठवण झाली. पंडिता रमाबाईंनी अशाच साध्या, थोडे शिकलेल्या बायांस समजेल अशा भाषेत पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचे मनावर घेतले. त्यासाठी त्यांनी प्रौढ वयात इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला. त्यांस रिकामा वेळ होता असे कोणी समजू नये. १८९६-९७ च्या व पुढे १९०० च्या दुष्काळातील शेकडो अनाथ मुली व विधवा यांचा भार मुक्तिसदनात त्यांच्यावर होता. तरीही सुमारे १८ वर्षे हे काम चालले. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. १९२१ च्या जुलै महिन्यात त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. आईचे काळीज फाटले असेल. पण हातचे काम सुटले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि थोड्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या प्रभूमध्ये निजल्या. ज्या बायांसाठी त्यांनी १८ वर्षे वेचली, त्या बायांस आम्ही सहा महिने नेटाने शिकवू शकलो नाही!

कोणी म्हणेल, “त्या पंडिता, आम्ही अडाणी माणसे.” तर लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. त्यांस शाळेचे रीतसर शिक्षण नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ काव्य आरंभीच्या थोड्या अध्यायांवरच थांबले होते. पतीचे ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचून ते शेवटास नेले. यात दुःखितांस मोठे समाधान आहे. कारण कित्येकांचे काम आळसाने नव्हे, तर आजाराने किंवा मरणाने अर्धे राहते. मोशेने देश दुरून पाहिला, यहोशवा त्यात शिरला. देवाचे काम एका मनुष्याच्या आयुष्याएवढे आखूड नसते. ज्याच्याने पुरे होत नाही, त्याने ते विश्वासू हाती सोपवावे. आणि ज्याच्या हाती ते आले, त्याने ‘हे माझे नव्हे’ असे म्हणू नये.

आता तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, आरंभापूर्वी हिशेब करा. गायनाच्या व टाळ्यांच्या भरात नवस-वचने करू नका. उपदेशक बंधूंनो, चार वाड्यांत चार वर्ग उघडून चारही मोडण्यापेक्षा एकाच वाडीत एक वर्ग शेवटपर्यंत चालवा.

दुसरी, रोजचा वाटा रोज करा. नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत पुरा झाला. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. आपण आडसाली उसाचे शेतकरी आहोत. बेणे लावल्यापासून तोडणीपर्यंत दीड वर्ष जाते. त्यात खुरपणी आहे, मोठी बांधणी आहे, कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली तर रात्री उठणे आहे. लावणीच्या दिवशीच्या उत्साहावर उसात साखर भरत नाही. विश्वासाचेही तसेच आहे. बप्तिस्म्याचा दिवस हा लावणीचा दिवस होय, तोडणीचा नव्हे.

तिसरी, मोडलेल्या कामाकडे परत जाण्यास लाजू नका. योहान मार्क पौलाला पंफुल्यात सोडून माघारी गेला होता. परंतु पौलाच्या शेवटल्या पत्रात पाहा : देमास सोडून गेल्याचे दुःख जेथे लिहिले आहे, तेथेच मार्काला बरोबर घेऊन ये, तो उपयोगी आहे, असा निरोप आहे. एकदा माघार घेतलेला मनुष्य उठून आला आणि उपयोगाचा झाला. मग तुम्ही-आम्ही निराश का व्हावे?

आम्हीही परतलो. त्या आजीच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली आणि पुढच्या सोमवारी वर्ग पुन्हा उघडला. गीत नाही, नव्या पाट्या नाहीत. नऊ बाया आल्या. काही दिवस दोघीच होत्या, तरी दिवा लावला. तीन महिन्यांनी आजीने शुभवर्तमानाच्या पानावर बोट ठेवून ‘ख्रिस्त’ हा शब्द वाचला. आम्हांस वाटले, ती आता धन्यवाद म्हणेल. ती म्हणाली, “मग पुढची ओळ?”

बंधुभगिनींनो, तुमची पुढची ओळ कोणती? भावाशी समेट करावयाचा म्हणून ठरविले आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलात काय? दारू सोडिली, पण बाजाराच्या दिवशी पुन्हा धरली काय? घरची संध्याकाळची प्रार्थना कोणत्या पावसाळ्यात बंद पडली? या आठवड्यात दहा नव्या कामांस हात घालू नका. मोडलेले एकच काम उचला आणि उद्या त्याचा उद्याचा वाटा करा. ज्या प्रभूने वधस्तंभावरही आपले काम अर्धे ठेविले नाही, तोच आपल्यामध्ये आरंभिलेले काम सिद्धीस नेणार आहे. त्याच्या विश्वासूपणावर भिस्त ठेवून आपण चालू या.

हे दयाळू बापा, आमच्या अर्ध्या विहिरी तू पाहिल्या आहेस. आमच्या हातांस बळ दे, आणि तुझ्या पाण्याचा झरा लागेपर्यंत आम्हांस खणू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.