पतंग, दिवा आणि नातू



भक्तहो, मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. दत्तजयंतीच्या सप्ताहात मी घरी गुरुचरित्राचे पारायण धरले होते. धानाचा चुरणा सुरू, सूनबाई खळ्यावर. चार वर्षांचा नातू मधेमधे येऊन पोथीला हात लावी. व्यत्यय नको म्हणून मीच त्याच्या हाती मोबाईल दिला. बावन्न अध्याय कसे निर्विघ्न पार पडले! समाप्तीला आरतीसाठी हाक मारली, तर त्याने मानही वर केली नाही. मोबाईल काढून घेतला तेव्हा असा रडला, की प्रसादाला हात लावला नाही.

तेव्हा पतंग आठवला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पतंग रूपाला भुलतो, ज्योतीत पडतो. हे आपण पोरांना सुनावतो. पण अवधूतांनी पतंगाला बोल लावला नाही, गुरू केले. म्हणजे शिकायचे आपण. त्याच चोविसांत कपोतही आहे, पिलांच्या मायेपायी आपण होऊन जाळ्यात शिरलेला. लेकराचे रडणे बघवत नाही म्हणून मोबाईल देणारे आपण त्याचेच सोबती. माझ्या घरी तर दिवा मीच लावला होता!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर एक ठराव केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. लेकरांचे अन् मोठ्यांचेही. मला ते 'मोठ्यांचेही' फार पटले.

मोबाईल वाईट नाही हो. नागपूरच्या आत्याचे तोंड त्यातच दिसते. पण दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसातून तासाभराहून जास्त पडदा नको, त्याहून कमी तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवले आहे. आता दिवेलागणीला आधी माझा फोन फडताळात जातो, मग घरच्यांचा. पहिले दोन दिवस नातू रडला. खरे सांगायचे तर माझाही हात सारखा खिशाकडे जाऊन राहिला होता.

यंदा तो पाटाशेजारी फुले निवडत बसतो. वाचन आटोपले की त्याचे सुरू होते. परवा म्हणे, "आबाजी, देवाजवळ कुत्रे चारच काहून?"

म्हटले, "ते चार वेद."

"त्यांची नावं सांगा."

ऋग्वेदापासून चारही सांगितली.

"ही नाही जी, कुत्र्यांची!"