सलाम कोणाला?



17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी परभणीत झेंडावंदन होते, पोलीस सलाम करतात. झेंड्याला केलेला सलाम आपल्याला कळतो. पण साहेबाला केलेला?

पूर्वी ब्रिटिश शिपाई साहेबापुढे टोपी काढत. 1745 मध्ये एका पलटणीत हुकूम निघाला, की टोपी काढू नये, नुसता हात लावावा. त्यातून आजचा सलाम आला. तो माणसाला नसून पदाला असतो.

मग मनात आदर नसेल तर ते ढोंग का? आम्हाला तसे वाटत नाही. नावडत्या साहेबाला सलाम करताना शिपाई आपला राग आवरतो, हेही खरेच आहे. मात्र साहेबालाही उलट सलाम करावाच लागतो. नियमच आहे तसा. बँकेच्या दारातला वॉचमन आम्हाला सलाम ठोकतो, आणि आम्ही पासबुक चाचपत आत शिरतो.