कातणाऱ्याची पारख

मराठीत सूत कातले जाते तसे लाकूडही कातले जाते. फिरत्या लाकडाला पटाशी लावून घाट देतो तो कातारी, आणि त्याच्या हातून उतरलेला खांब कातीव. कातकामाची हत्यारे सोपी झाली की कसब बुडते का, हा प्रश्न म्हणूनच बहादरपूरसारख्या, बऱ्हाणपूरच्या मागांच्या मुलखातल्या गावात परका वाटत नाही. तिथे तो धर्माचाही प्रश्न होतो. जवळच बऱ्हाणपुरात कबीर निर्णय मंदिर आहे, पारखी कबीरपंथाचे पीठ. याच परंपरेतल्या पूरण साहेबांनी कबीराच्या ‘बीजक’ या ग्रंथावर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली. विणकर संताच्या नावाने चालणाऱ्या या पंथात सर्वांत मोठा शब्द पारख हा आहे: खरे काय, खोटे काय, हे स्वतः ओळखण्याची जाण. माझे म्हणणे या एकाच शब्दावर उभे आहे. कसब राहते ते पारखीत. हात किती शिणला यावर ते मोजता येत नाही. हत्यार जोखायचे तर त्याने ही पारख कोणाकडे ठेवली ते पाहावे.

कातकामच घ्या. जुन्या पद्धतीत लाकडाला दोरी गुंडाळून ती कमानीने ओढत. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे, आणि पटाशी कापे ती एकाच फेरीला. विजेच्या मोटरने ही ओढाताण संपवली. पण नर्मदाकाठच्या बुधनीत होतात तशी लाखेची खेळणी करताना फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबावी लागते. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. दाब किती द्यायचा, केव्हा हात काढायचा, हे मोटरला कळत नाही, ते कातारीलाच ठरवावे लागते. आता कार्बाइडचे बदलते पाते असलेली हत्यारेही मिळतात. धार लावायला नको, पाते जरा फिरवले की नवी कड तयार. इथे मात्र काहीतरी खरोखर जाते. धार लावताना पोलादाशी आणि कोनाशी जी ओळख होते ती राहून जाते. शिवाय ही पाती बरेचदा लाकूड स्वच्छ कापण्याऐवजी खरवडतात, आणि उरलेला खडबडीतपणा पॉलिश पेपरने घालवावा लागतो. तरी गाठ कुठे आहे, भांड्याची कड किती पातळ करायची, कुठे थांबायचे, हे निर्णय कातारीचेच राहतात.

कष्ट हेच तप, ते घटले की कर्माचे मोल घटते, असा एक आक्षेप फार जुना आहे. चीनमधल्या च्वांग-त्सूच्या ग्रंथातला म्हातारा माळी घड्याने पाणी आणून वाफे भिजवतो. तरफेने पाणी उपस, असे कोणी सुचवले तर तो नाकारतो. यंत्र हाताळणाऱ्याचे मनही यंत्रासारखे होते, असे त्याला वाटते. त्याची भीती खोटी नाही. पण त्याच्या हातातला घडा हेही एक साधनच होते. पाण्याचेच घ्यायचे तर बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, म्हणजे पाणी आणण्याची जुनी व्यवस्था, १६१५चा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी तो निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणी. त्याने पाणी वाहणाऱ्यांचे खांदे वाचवले, आणि उतार किती ठेवायचा, कुंड्या कुठे खणायच्या याला जी पारख लागली ती एखाद्या तपस्येहून कमी नव्हती.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. पारख जर कष्टातूनच घडत असेल, तर हात न राबवता ती येणार कुठून? हे बरेचसे खरे आहे. म्हणून शिकणाऱ्याने आधी पटाशीला धार लावायला शिकावे आणि सोपे हत्यार मागाहून घ्यावे, हे मला मान्य आहे. पण पारख मरते ती सोयीपेक्षा परस्वाधीनतेने. हातमागावर दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा आला तेव्हा विणकराचा वेग वाढला, पण पोत सांभाळणारा हात त्याचाच राहिला. यंत्रमागावर मजुरीने विणणाऱ्याला सूत दुसरा देतो, कापड कसे हवे ते दुसराच सांगतो. तुटलेली तार सांधणे आणि मीटर मोजून देणे एवढेच त्याच्या वाट्याला उरते. इथे नुकसान झाले आहे, आणि ते विजेने केलेले नाही.

गांधींना हा फरक नेमका कळला होता. १९२९ मध्ये त्यांच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. कष्ट टिकवावेत अशी अट त्यात नव्हती. उलट, झोपडीतल्या बाईला तो फार न दमता आठ तास चालवता यावा, सूत भरपूर निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि तो २० वर्षे टिकावा, अशा अटी होत्या. सोपेपणा हवाच होता, पण कातणारीच्या मालकीचा. किर्लोस्करवाडीत तसा एक चरखा तयारही झाला, पण तो अटींना पुरा उतरला नाही, आणि ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही.